दिवसा घरात कोणी नसतं

नौतपा लागला. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की सगळ्यात तापलेले नऊ दिवस येतात, त्यांना आमच्या रायपुरात नौतपा म्हणतात. या दिवसांत शहर दोनदा उठतं, एकदा पहाटे आणि एकदा ऊन कलल्यावर. मधली दुपार कुणाचीच नसते. डांबर मऊ होतं. स्कूटरवरच्या पोरी तोंडाला पांढरे दुपट्टे असे गुंडाळतात की नुसते डोळे उरतात. रसाच्या गाडीचे घुंगरू तेवढे वाजत राहतात आणि कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास बंद दारांच्या फटींतून गल्लीत झिरपतो. मी बूढ़ापाऱ्यात राहते. तिथल्या तलावाचं पाणी काठापासून मागे सरकून हिरवट, जाड झालेलं असतं.

उन्हाशी माझं वैर नव्हतं कधी. मी याच शहरात जन्मले. लहानपणी उन्हाळा म्हणजे कैरीचं पन्हं, जंगलातून टोपल्यांत येणारी काळी गोड चारं, म्हणजे चारोळीची फळं, आणि सकाळी कांदा-मिठाबरोबर खाल्लेली बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात. ऊन बाहेर असायचं आणि आपण आत. ऊन जिथं बाहेरच राहतं ती जागा म्हणजे घर, अशी माझी साधी समजूत होती. पुढे शिकून आर्किटेक्ट झाले, पण याहून बरी व्याख्या काही मला सापडली नाही.

तरी एक उन्हाळा असा आहे की तो दर नौतप्यात माझ्याकडे येऊन बसतो, आणि तो आला की तोंड कडू होतं.

तेव्हा मी दुबे सरांच्या ऑफिसात होते, तेलीबांध्याच्या रस्त्यावर. सर आम्हाला कॉलेजात शिकवायचे. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर एक मोठा गोल काढला आणि म्हणाले, "पहले सूरज बनाओ, फिर घर." मे महिन्याच्या भर दुपारी ते आम्हा पोरापोरींना जुन्या गल्ल्यांतून हिंडवायचे. कुठल्या घराची सावली कुठं पडते, वारा कुठून शिरतो आणि कुठं येऊन मरतो, ते दाखवायचे. एखाद्या बोळात अचानक गार झुळूक लागली की थांबायचे. "क्यों? बताओ, क्यों?" आम्ही घामाने निथळत उभे, आणि ते खुशीत. मी रेषा ओढायला शिकले ती त्या 'क्यों'पायी. म्हणूनच नोकरीही त्यांच्याकडेच धरली.

धंद्यात मात्र 'क्यों' कुणी विचारत नाही. घराचा पहिला कच्चा आराखडा म्हणजे नुसतं धुकं असतं. त्या वेळी इमारत आडवी करा, उभी करा, तिचे दोन तुकडे करा, मधे अंगण सोडा, काहीही करता येतं. खोडरबर पुरतं. पाया पडला की मग खोडरबराचं काम संपलं. आणि इतक्या नाजूक वेळी सगळं ठरतं ते 'मला वाटतं' यावर. ज्याचा आवाज मोठा त्याचं वाटणं मोठं. माझा आवाज मीटिंगमध्ये कधीच मोठा नव्हता. मी सगळ्यांची 'दीदी'. दीदीचं ऐकून घेतात, अगदी मान डोलावून ऐकतात, आणि मग आपलं तेच करतात.

म्हणून त्या वर्षी होळीनंतर ऑफिसात ते नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा सर्वांत जास्त आनंद मला झाला. मीच सरांच्या मागे लागून ते आणवलं होतं. निर्णय घ्यायला मदत करणारं साधन. कच्च्या आराखड्याचे नुसते ठोकळे त्याला द्यायचे. इमारतीचं तोंड कुठं, जाडी किती, खिडक्या केवढ्या, एवढं सांगायचं. मग ते प्रत्येक आराखड्याला उजेड, उष्णता, वारा, वीज, खर्च, खिडकीतून काय दिसतं, अशा एकेका बाबीत गुण देतं. कुठल्या बाबीला किती वजन द्यायचं ते आपण ठरवायचं. मग बेरीज करून ते आराखड्यांचा क्रम लावतं. मला वाटलं, आता आपल्या बाजूनं बोलणारं कुणीतरी आलं. त्याचा घसा बसत नाही. त्याला कुणी दीदी म्हणणार नाही.

रविवारी आत्याकडे गेले की मी हेच सांगत बसायचे. माझी सुमनआत्या रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होती, निवृत्त झाली तेव्हा मेट्रन. तिनं लग्न केलं नाही. सगळं आयुष्य रेल्वेच्या क्वार्टरांत गेलं. बदली झाली की नवं क्वार्टर, त्याच पिवळ्या भिंती, आणि खिडकी उघडली की समोर दुसऱ्या क्वार्टरची मोरी. निवृत्तीनंतर ती भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती आणि तिथल्या खिडकीतून एक ट्रान्सफॉर्मर दिसायचा.

"कॉम्प्युटर सांगते काय, घर कोणतं चांगलं ते?" ती मटकी निवडता निवडता विचारायची.

"सांगते. अन् खोटं नाही बोलत."

"मंग माणसापेक्षा बरं हाय," आत्या म्हणायची.

त्या साधनावर आम्ही तपासलेलं पहिलंच काम म्हणजे तलावाकाठची एक गृहयोजना. प्लॉटच्या पश्चिमेला पाणी. मी तीन कच्चे आराखडे केले होते. पहिल्यात दोन सडपातळ इमारती, लांब बाजू उत्तर-दक्षिणेला, मधे अंगण. वारा घरातून आरपार जायचा, पण तलाव बघायला बाल्कनीत येऊन मान वळवावी लागायची. दुसऱ्यात एकच जाड इमारत, मधोमध अंधारा पॅसेज, निम्मी घरं पूर्वेला आणि निम्मी थेट पश्चिमेला, तलावाकडे तोंड करून, मोठ्या काचा लावून. तिसरा या दोन्हींच्या मधला.

साधनानं पहिल्याला पहिला नंबर दिला. दुसऱ्यातल्या पश्चिमेच्या खोल्या पडद्यावर लालभडक झाल्या. मार्च सरकवला, एप्रिल सरकवला, मे, जून, लालच. सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. किती तरी वर्षांनी त्यांच्या आवाजात मला कॉलेजातले सर ऐकू आले. "देखा मंजिरी? वही 'क्यों' है. अब मशीन पूछ रही है, बस." त्या दुपारी त्यांनी सगळ्या ऑफिसला उसाचा रस पाजला. बर्फाचे तुकडे दातांखाली फोडत आम्ही हसत होतो. त्या उन्हाळ्यातला तेवढाच एक दिवस गोड आठवतो.

मग बिल्डर आला. आम्ही त्याला विनय भैया म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. हसतमुख, आईवडिलांच्या पाया पडणारा, ऑफिसात चहा देणाऱ्यालाही 'जी' म्हणणारा. बाहेर लू घोंगावत होती आणि मीटिंगची खोली एसीनं इतकी गार होती की मी ओढणी खांद्याभोवती घेतली होती. त्यानं तीनही आराखडे पाहिले आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं.

"यही तो चाहिए. लेक व्यू."

"भैया, मशीन ने पहले वाले को नंबर दिया है," मी म्हणाले.

"नंबर आते कहाँ से हैं?"

सरांनी त्याला वजनं दाखवली. तो खुर्ची ओढून पडद्याजवळ आला आणि लहान मुलानं खेळणं बघावं तसं बघू लागला.

"गर्मी का वज़न इतना ज़्यादा क्यों रखा है? रायपुर में गर्मी कोई नई बात है?"

सगळे हसले. सरही. मग तो म्हणाला, "व्यू का बढ़ाओ." मी माऊसवर हात ठेवून तशीच बसले. माझ्याकडून ते होईना. तेव्हा सरांनी माझ्या हाताखालून माऊस अलगद काढून घेतला. त्या साधनातलं त्यांना फारसं येत नव्हतं, पण वजन कसं सरकवायचं ते तेवढ्यात आलं. दुसऱ्या आराखड्याची पट्टी वर चढली, पण पहिल्याच्या वर जाईना. पश्चिमेच्या खोल्या अजून लाल होत्या.

"ये लाल क्यों है?"

मी सांगितलं. दुपारनंतर पश्चिमेला कललेलं ऊन काचेतून आत येतं, भिंतींत साठतं, आणि त्या वेळी घरात जी माणसं असतात त्यांना ते भोगावं लागतं. साधनात तशी एक जागाच होती, 'दिवसा घरात कोण असतं?' मी तिथं भरलं होतं, दोन माणसं, दिवसभर.

"दीदी, मई की दोपहर में घर पर रहता कौन है?" विनय भैयानं विचारलं. खरंच विचारलं, टोमणा म्हणून नाही. "हमारे कस्टमर दोनों कमाने वाले हैं."

"बूढ़े रहते हैं. बच्चे. बीमार. घर सँभालने वाली औरतें."

"उनके लिए एसी है ना."

सरांनी त्या जागेत 'कोणी नाही' असं निवडलं. एका बोटानं. क्षणभर पडदा थबकला आणि मग लाल खोल्या नारिंगी झाल्या, नारिंगीच्या पिवळ्या झाल्या. दुसरा आराखडा पहिला आला.

"देखो, मशीन भी मान गई," विनय भैया म्हणाला.

"मानी नहीं भैया, मनवाई है. जून में उन कमरों में कोई बैठ नहीं पाएगा. अभी बदलना मुफ़्त है. बाद में कोई नहीं बदल सकेगा." माझा आवाज त्या दिवशी मोठा झाला होता. मी एकेक खोली दाखवून सांगितलं. दुपारी काय होईल, वीज गेली तर काय होईल, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मान डोलावून ऐकलं. मग विनय भैयानं हसून सरांकडे पाहिलं, आणि सरांनी मला म्हटलं, "मंजिरी, क्लाइंट की भी एक दिशा होती है."

त्या वाक्यानंतर मी सरांकडे सर म्हणून पाहू शकले नाही. पाऊसकाळ संपायच्या आत मी ते ऑफिस सोडलं.

तराजूत खोट नव्हती. हे मी पुन्हापुन्हा सांगते, कारण लोक लगेच यंत्राला शिव्या देतात. त्या साधनानं मी सांगू शकले असते त्याहून स्पष्ट सांगितलं होतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा खरं सांगितलं, मग विचारणाऱ्यानं प्रश्न बदलला, तेव्हा बदललेल्या प्रश्नाचंही खरंच उत्तर दिलं. रिकाम्या घरात कुणाला गरम होत नाही. यात खोटं काय आहे? पूर्वी मनमानी करणारा निदान 'माझी मर्जी' म्हणायचा. आता त्याच्या मर्जीला हिरवी पट्टी मिळाली, एवढाच फरक.

इमारत निम्मी वर आली तेव्हा योजनेचं गुळगुळीत माहितीपत्रक निघालं. संगणकानं अनेक आराखड्यांतून निवडलेली सर्वोत्तम रचना, असं त्यावर छापलं होतं. ते घेऊन आत्या माझ्याकडे आली. डोळे चमकत होते. इतक्या वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं.

"हे तुया जुन्या ऑफिसचंच काम न? मी पश्चिमेकडचा फ्लॅट पाहून ठेवला. खिडकीतून अख्खा तलाव दिसते, मंजू."

मी सांगितलं तिला. नको घेऊ म्हटलं. पूर्वेचा घे, नाहीतर दुसरीकडे बघू. वजनं कशी सरकवली ते सांगितलं.

"तूच तर म्हणत होती का कॉम्प्युटर खोटं नाही बोलत."

"नाही बोलत आत्या. पण त्याले विचारणारे..."

"तुयं भांडण तुया साहेबाशी हाय," ती शांतपणे म्हणाली. "माया खिडकीशी काहून भांडून राहिली? जन्मभर मी लोकाच्या मोऱ्या पाहिल्या. आता मले पाणी पाहू दे."

तिची इच्छा खोटी नव्हती. तलावही खोटा नव्हता. पहिल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेले तेव्हा मलासुद्धा क्षणभर वाटलं की आपलंच चुकलं असेल. सकाळचं धुकं पाण्यावरून उठत होतं, बगळे उतरत होते, पलीकडच्या रस्त्यावर फिरायला आलेली माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. आत्या खिडकीत खुर्ची टाकून चहा पीत होती, पाय वर घेऊन, एखाद्या लहान पोट्टीसारखी. स्वतःच्या घरात बसलेलं माणूस कसं दिसतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

होळी झाली आणि तिनं जाड पडदे लावले. गोल बाज़ारातून कापड आम्ही दोघींनीच आणलं होतं. रामनवमीला पडद्यांमागे थर्माकोल आला. अक्षय्य तृतीयेला त्यावर चंदेरी कागद चिकटवला. मग तलाव दिसेनासा झाला, तो थेट पावसाळा लागेपर्यंत. एसी चालायचा, पण दुपारी तीननंतर त्याचा नुसता आवाज यायचा. जेवण झालं की पश्चिमेकडच्या घरांतल्या म्हाताऱ्या, बाळंतिणी, शाळेला सुट्टी लागलेली पोरं, सगळी दारं उघडून मधल्या अंधाऱ्या पॅसेजात येऊन बसायची. चटया टाकून. कुणी भाजी निवडतंय, कुणी पेंगतंय, कुणी बाळाला वारा घालतंय. लिफ्टचा दिवा तेवढा लुकलुकायचा. मी पहिल्यांदा ते दृश्य पाहिलं आणि जिन्यातच थबकले. साधनातल्या त्या एका जागेत 'कोणी नाही' म्हणून भरलेली सगळी माणसं माझ्यासमोर ओळीनं बसली होती, आणि आत्या सरकून मला जागा करून देत होती. "ये, बस. इथं जरा बरं वाटते."

तिसऱ्या उन्हाळ्यात, असाच नौतपा असताना, दुपारी तिच्या शेजारणीचा फोन आला. सकाळपासून वीज नव्हती, आणि आत्या पॅसेजात आली नव्हती. मी पोचले तेव्हा ती बाथरूमच्या दाराशी लादीवर पडली होती. कातडी कोरडी, तापलेली. डोळे उघडे होते, पण मला ओळखायला तिला वेळ लागला. ज्या बाईनं जन्मभर लू लागलेल्या लोकांना वॉर्डात बर्फ लावून वाचवलं, ती पुटपुटत होती, "नळाचं पाणी नको लावू. टाकी उकळून राहिली. फ्रिजमधलं घे... बगलेत ठेव..." स्वतःवरच्या उपचाराच्या सूचना ती मला देत होती, आणि मधेच मला कुठल्यातरी जुन्या नर्सच्या नावानं हाक मारत होती.

ती वाचली. पण परत आली ती वेगळीच होऊन. हात थरथरतो. बोलता बोलता शब्द हरवतात आणि मग ती हरवलेल्या शब्दाची वाट बघत ओठ मिटून बसते. दवाखान्यातून मी तिला सरळ बूढ़ापाऱ्यात माझ्या घरी आणलं. त्या फ्लॅटमध्ये ती पुन्हा राहिली नाही.

त्याच सुमारास एका कार्यक्रमात दुबे सर भेटले. केस पांढरे झाले होते. विद्यार्थ्यांना ते तीच तलावाकाठची इमारत पडद्यावर दाखवत होते. नव्या कामांची तुलना करायला ती आता त्या साधनात नमुना म्हणून ठेवली आहे म्हणे. सगळी घरं विकली गेली, म्हणजे निर्णय बरोबर होता, असं त्यांचं म्हणणं. चहाच्या वेळी मी त्यांना आत्याबद्दल सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "अरे, पहले बताना था. हम उनको पूरब वाला दिलवा देते."

मी कप टेबलावर ठेवला आणि 'येते सर' म्हणून निघाले.

मी आता लहान लहान कामं करते, एकेकट्या घरांची. ते साधन अजून वापरते. त्याच्याशी माझं भांडण नाही. दिवसा घरात कोण असतं, हे मी आधी विचारते आणि मगच पुढचं काही भरते. लोक कंटाळतात. "दीदी, इतना क्यों पूछती हो?" म्हणतात. काही जण दुसऱ्याकडे जातात.

गेल्या हिवाळ्यात आत्यानं फ्लॅट विकायचं ठरवलं. डिसेंबरातली सकाळ होती. खिडकीवरचा कागद, थर्माकोल आम्ही काढून टाकला होता, आणि तलाव पुन्हा आत आला होता. बघायला एक तरुण जोडपं आलं, दोघंही नोकरीवाले, सोबत नवऱ्याची आई. आई खिडकीशी गेली आणि हरखून म्हणाली, "कितना सुंदर दिखता है!" मुलगा फोटो काढू लागला.

मी आत्याकडे पाहिलं. ती गप्प बसली असती तर मी काही म्हटलं नसतं. पण ती उठली, थरथरता हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि आठवून आठवून, एकेक हिंदी शब्द गोळा करून तिनं सगळं सांगितलं. होळीनंतर काय होतं. दुपारी कुठं बसावं लागतं. वीज गेली की काय होतं. बाथरूमच्या दाराशी ती कशी पडली होती. एका शब्दासाठी ती फार वेळ थांबली, पण तो सांगूनच पुढे गेली. "मैं नर्स थी," शेवटी म्हणाली. "मैं समझ के बोल रही हूँ. गर्मी में इधर बूढ़े आदमी को मत रखना."

त्या मुलानं सगळं ऐकलं. मान डोलावून, अगदी आदरानं.

"आंटी, हम दोनों तो दिन भर ऑफिस में रहते हैं," तो हसून म्हणाला.

"और माताजी?" आत्यानं विचारलं.

"माँ के लिए एसी लगवा देंगे ना."

आई खिडकीतच उभी होती. तिनं वळून पाहिलं नाही. पंधरवड्यात व्यवहार झाला.

त्या सकाळी ती माणसं गेल्यावर आम्ही लिफ्टची वाट बघत पॅसेजात उभ्या होतो. हिवाळ्यात तिथं कुणी नसतं. आत्या माझ्या दंडाला धरून होती.

"मंजू, तू तवा मीटिंगमध्ये असंच सांगितलं होतं काय? असंच, सगळं?"

"हो."

"अन् ते लोक असेच हसले होते?"

"हो आत्या. असेच."

लिफ्ट आली. दार उघडलं, तरी ती हलली नाही.

"मले इतके दिवस वाटे," आत्या म्हणाली, "का तूच नीट सांगितलं नसशीन."